स्टूलच्या स्लाइडवर आमिबा कसा ओळखावा

आव पडू लागली की डॉक्टर चिठ्ठीवर ‘स्टूल रुटीन’ लिहितात आणि पेशंटची डबी आमच्या टेबलावर येते. नाशिकला पंचवटीतल्या लॅबमध्ये या डब्या उघडण्यातच माझी बरीच वर्षं गेली. डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा करणाऱ्या पोरांसाठी, आणि रिपोर्टमधल्या त्या एका ओळीमागे काय घडतं याची उत्सुकता असणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

आधी घड्याळ बघा. जुलाब पातळ असेल तर नमुना अर्ध्या तासात मायक्रोस्कोपखाली गेला पाहिजे. सिडकोतून निघालेली डबी द्वारकेच्या ट्रॅफिकमध्ये अडकली, तर आतला हालता आमिबा, म्हणजे ट्रोफोझॉइट, पोहोचेपर्यंत संपलेला असतो. घट्ट शौचात सापडतात त्या सिस्ट, म्हणजे कवचात बंद झालेला आमिबा. त्या चिवट असतात, फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकतात. लघवी मिसळलेली डबी सरळ परत करा.

हातमोजे घालून स्लाइडवर डावीकडे ०.८५ टक्के सलाइनचा थेंब टाका, उजवीकडे आयोडीनचा. रक्त किंवा शेंबडासारखा चिकट भाग दिसला तर तिथलाच कण उचला. काडेपेटीतल्या काडीच्या गुलाएवढा पुरे. कालवून कव्हरस्लिप तिरकी टेकवत सोडा, म्हणजे बुडबुडे धरत नाहीत. स्लाइड वर्तमानपत्रावर ठेवल्यावर खालची अक्षरं वाचता आली, तर जाडी बरोबर.

आता कंडेन्सर, म्हणजे स्लाइडखालचं उजेड गोळा करणारं भिंग, खाली घ्या आणि उजेड कमी करा. नवशिके झगझगाट करून ठेवतात, मग पारदर्शक आमिबा दिसायचा कुठून? १० एक्सवर शेत नांगरल्यासारखी सगळी कव्हरस्लिप पालथी घाला, संशय आला की ४० एक्स.

हालचाल फक्त सलाइनच्या बाजूला शोधायची, आयोडीन आमिबाला मारतं. आव घडवणारा एन्टामिबा हिस्टोलिटिका एका दिशेने सरकतो. काचेसारखा स्वच्छ छद्मपाद, म्हणजे सरकायचा खोटा पाय, झटकन बाहेर येतो आणि मागचं दाणेदार अंग त्यात ओतल्यासारखं जातं. निरुपद्रवी एन्टामिबा कोलाय आळशी. जागच्या जागी चुळबुळ करतो, पुढे जात नाही. थंडीत मात्र फसगत होते. निफाडला पारा घसरतो त्या दिवसांत आमच्या टेबलावरचा आमिबाही गारठून गोळा होऊन बसतो. अशा वेळी जुनं तांब्याचं नाणं कोमट करून कव्हरस्लिपच्या कडेला टेकवा आणि जरा थांबा.

पोटात तांबड्या पेशी गिळलेला, सरकणारा आमिबा दिसला तर हिस्टोलिटिकाचा संशय पक्का धरा. पण आवेच्या नमुन्यात मॅक्रोफेज, म्हणजे पेशंटच्याच शरीरातल्या भक्षक पेशीही असतात, आणि तेही तांबड्या पेशी गिळतात. सुरुवातीच्या काळात मी असाच एक मॅक्रोफेज आमिबा म्हणून लिहून मोकळा झालो होतो. आमच्या सरांनी एवढंच विचारलं, ‘हलला का रे तो?’ दहा मिनिटं डोळा लावून बसलो, गडी जागचा हलला नाही.

सिस्ट आयोडीनच्या बाजूला बघायच्या. केंद्रकं मोजण्याआधी आकार मोजा. आयपीसमधल्या (डोळ्याजवळच्या भिंगातल्या) मायक्रोमीटरचा, म्हणजे बारीक मोजपट्टीचा, एक भाग किती मायक्रॉनचा, हे प्रत्येक मायक्रोस्कोपवर आणि प्रत्येक लेन्सला वेगळं ठरवावं लागतं. ते केलं नसेल तर शेजारची तांबडी पेशी, साधारण ७ मायक्रॉन, हा कामचलाऊ गज. हिस्टोलिटिकाची सिस्ट १० ते २० मायक्रॉन, पिकली की ४ केंद्रकं. तशीच पण १० पेक्षा लहान असेल तर हार्टमनाय, निरुपद्रवी. कोलायची सिस्ट बहुधा १५ ते २५, केंद्रकं ८. सगळी केंद्रकं एका पातळीवर नसतात, म्हणून फाइन फोकस वर-खाली फिरवत मोजा. चार मोजून थांबलात तर पाचवं खाली राहिलेलं असतं. एकच केंद्रक आणि बाजूला गर्द तपकिरी डाग दिसला तर तो आयोडअमिबा, वेगळ्या जातीचा आमिबा. एन्डोलिमॅक्स ही आणखी एक जात, छोटा, लांबट, केंद्रकं म्हणजे नुसते ठिपके. सलाइनमध्ये सिस्टच्या आत कांड्याही दिसू शकतात: हिस्टोलिटिकाच्या बोथट टोकांच्या, कोलायच्या मोडक्या काडीसारख्या चिरफळलेल्या.

चार केंद्रकं नीट मोजली तरी रिपोर्टवर नुसतं ‘हिस्टोलिटिका’ लिहू नका. डिस्पार नावाचा निरुपद्रवी भाऊ हुबेहूब तसाच दिसतो. १९९३ साली दोघांना रीतसर वेगळं केलं गेलं, पण मायक्रोस्कोपला ते कळत नाही. ‘हिस्टोलिटिका/डिस्पार’ असं लिहा, पुढचा निवाडा अँटिजेन टेस्ट किंवा पीसीआर करेल. काहीच दिसलं नाही तर एक दिवस आड करून आणखी दोन डब्या मागवा. आमिबा रोज बाहेर पडतोच असं नाही.