कर्ता सापडत नाहीये? आधी क्रियापद धरा

नाशिकमध्ये मी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना व्याकरण शिकवते आणि दरवर्षी तीच अडचण येते, 'कर्ता म्हणजे काम करणारा' एवढंच पाठ असतं. मग 'द्राक्षं सडली' असं वाक्य दिलं की मुलं गप्प, कारण द्राक्षांनी काम काय केलं?

म्हणून आधी शेवटचं क्रियापद धरायचं, त्याच्या मूळ धातूला 'णारा, णारी, णारं' लावून प्रश्न विचारायचा. सडणारी काय? द्राक्षं. झालं, हा साधा कर्ता, प्रत्यय नाही काही नाही, क्रियापद त्याच्यामागे चालतं.

आता 'ने' वाला कर्ता, इथे सगळ्यात जास्त मार्क जातात. 'गारपिटीने बाग झोडपली' आणि 'थंडीने मणी तडकले', दोन्हीकडे 'ने' आहे ना? पण विचारून बघा. झोडपणारी कोण, गारपीट, म्हणजे ती कर्ता. तडकणारे काय, मणी, म्हणजे थंडी फक्त कारण आहे. 'ने' दिसला की कर्ता असं करू नका प्लीज.

उलटही होतं. 'मी मिसळ खाल्ली' यात 'मी'ला 'ने' दिसत नाही म्हणून मुलं कर्तरी प्रयोग लिहून येतात. 'मी'च्या जागी 'तो' टाका, लगेच 'त्याने मिसळ खाल्ली' होतं, आणि मिसळीऐवजी वडा टाकला तर 'खाल्ला', म्हणजे क्रियापद कर्माचं ऐकतंय, प्रयोग कर्मणी. मात्र बोलणे, विसरणे, पिणे अशी काही क्रियापदं 'ने' घेतच नाहीत, 'ती छत्री विसरली', 'ती चहा प्यायली'. हल्ली 'तिने छत्री विसरली' सर्रास ऐकू येतं, मला ते खरंच खटकतं.

मग 'ला'. 'मला मिसळ आवडते.' आवडणारी काय? मिसळ. पोहे असतील तर 'आवडतात', म्हणून परीक्षेत कर्ता मिसळच लिहा. पण 'त्याला आपलं गाव आवडतं' हे बघा, 'आपलं' म्हणजे कोणाचं? त्याचंच. आणि 'आपला' हा शब्द सहसा कर्त्याकडे बोट दाखवतो, 'तो आपल्या गावी गेला' मध्ये दाखवतो तसा. त्यामुळे भाषाशास्त्रात 'त्याला' हा अनुभव घेणारा कर्ता मानतात, मला हे जास्त पटतं, पण उत्तरपत्रिकेत पुस्तकाचंच चालतं.

कधीकधी कर्ता लपलेला असतो, 'जेवलास का?' यात 'तू' आहे, 'लास'वरून कळतो. 'गंगापूर धरणातून पाणी सोडलं' यात सोडणारे कोण ते सांगितलेलंच नाही, पाणी हे कर्म आहे, कर्ता म्हणून पाणी लिहू नका.

आणि 'गंगेवर पोचेपर्यंत उजाडलं'? उजाडणारं काय, असं कितीही विचारा, वेगळा शब्द मिळत नाही, कारण कर्ता क्रियापदाच्या पोटातच आहे. सांजावलं, मळमळतंय ही त्याच जातीची, यांना भावकर्तृक क्रियापदं म्हणतात. इथे जबरदस्ती करून 'गंगा' लिहायचं नाही.