गंभीर न्यूमोनियात बाळाचं लॅक्टेट कसं तपासावं

लॅक्टेट म्हणजे पेशींना ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढणारा पदार्थ. छाती आत ओढली जातेय, बाळ कण्हतंय, तर आधी ऑक्सिजन, रक्त नंतर. दंडाला पट्टा फार वेळ आवळून ठेवू नका. बाळ रडून हातपाय झाडत असेल तर आकडा फसवा वाढतो, सालब्युटामॉलच्या (श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या औषधाच्या) वाफेनंही वाढतो. राखाडी झाकणाच्या फ्लोराइड नळीत रक्त घ्या, ८-१० वेळा हलकेच उलटसुलट करा आणि बर्फात ठेवून लगेच लॅबला पाठवा. साध्या नळीत रक्तपेशी साखर खात राहतात, लॅक्टेट चढत जातं.

लिटरला २ मिलिमोलच्या वर असेल तर सावध व्हा. ४ च्या वर धोका मोठा. २ ते ४ तासांनी पुन्हा तपासा, कारण न उतरणारा आकडा जास्त चिंतेचा. सीआरपी (संसर्ग किंवा सूज असल्यास रक्तात वाढणारं प्रथिन) मात्र उशिरा चढतं. सुरुवातीला कमी आलं म्हणून बाळाला घरी धाडू नका.