‘जक्स्टपोज’ हे क्रियापद नेमके कसे वापरावे

निपाणी, खानापूर या भागांत मराठी माध्यमातून शिकून पुढे इंग्रजीकडे वळलेल्या विद्यार्थ्यांना ‘जक्स्टपोज’ हे क्रियापद अडते, आणि पुष्कळ जण त्याचा अर्थ ‘एकत्र करणे’ असा लिहून मोकळे होतात. तो अर्थ चुकीचा आहे. साम्य, किंवा बहुधा विरोध, नजरेत भरावा म्हणून दोन गोष्टी मुद्दाम शेजारी-शेजारी मांडणे, हा त्याचा आशय आहे.

अर्थ पक्का करायचा तर आधी शब्दाची फोड करावी. मागचा भाग फ्रेंच असून त्याचा अर्थ ‘ठेवणे’. पुढचा भाग लॅटिन ‘युक्स्ता’, म्हणजे ‘लगत’. जोडणे या अर्थाच्या ज्या प्राचीन धातूतून हा ‘युक्स्ता’ आला, त्यातूनच संस्कृतातील ‘युज्’ आणि ‘युग’ आले, आणि ‘युग’पासून आपले ‘जू’. शेतकऱ्याच्या घरातील वाचकाला इथे शब्दकोश उघडावा लागणार नाही: एका जुवाला जुंपलेले बैल खांद्याला खांदा लावून चालतात, तरी ते दोन बैलच राहतात. याउलट दूध आणि साखर आटवून कुंदा केला की दोन्ही पुन्हा वेगळी काढता येत नाहीत. तिथे ‘कंबाइन’ म्हणावे.

इंग्रजीत ‘जक्स्टपोझिशन’ हे नाम आधी, 17व्या शतकात आले. क्रियापद 19व्या शतकात रूढ झाले. वापरताही हा भेद उपयोगी पडतो. बेळगावच्या किल्ल्यात रट्ट राजवटीच्या काळातील कमल बस्ती हे जैन मंदिर आणि आदिलशाही काळातील साफा मशीद एकाच तटबंदीच्या आत आहेत, परंतु त्यांमध्ये काही शतकांचे अंतर असल्याने तशी मांडणी कुणा एकाने ठरवून केलेली नाही. म्हणून तिथे ‘जक्स्टपोझिशन’ हे नाम शोभते. त्या दोहोंची छायाचित्रे एका पानावर शेजारी लावणारा संपादक मात्र ती ‘जक्स्टपोज’ करतो. क्रियापदाला असा कर्ता लागतो, आणि दुसऱ्या वस्तूपूर्वी बहुधा ‘विथ’ येते.

‘तुलना करणे’ हा प्रतिशब्दही टाळावा, कारण तुलना करणारा आपला निष्कर्ष सांगतो, तर इथे तो वाचकावर सोडलेला असतो. अनुवादात ‘शेजारी मांडणे’ पुरते: ‘लेखिकेने आजीचे पत्र आणि जमिनीची नोटीस एकाच पानावर शेजारी मांडली.’