ओव्हन आणण्याआधी खिडकी बघून घ्या

लहानपणी दिवाळीच्या आधी नानकटाईचं पीठ डब्यात घालून पंचवटीतल्या भट्टीवर न्यायचो आणि पत्रे भाजून मिळेपर्यंत रांगेत ताटकळायचो. त्या भट्टीला धुराडं होतं. आता गॅसचा ओव्हन थेट ओट्यावर येऊन बसतो, पण धुराड्याचं काम कोणी करायचं ते घरात कोणी ठरवत नाही. तेव्हा दुकानात जाण्याआधी स्वयंपाकघरात उभं राहून हवा कुठून येते आणि कुठून जाते ते बघा.

एक किलो एलपीजी नीट जळायला साधारण १२ घनमीटर हवा लागते. घरगुती ओव्हन तासाला दोनशे ग्रॅमच्या आसपास गॅस खातो, म्हणजे अडीच घनमीटर हवा त्याची. शेजारी कुकर चढवला असेल तर त्याची वेगळी. हवा कमी पडली की ज्योत पिवळी होते आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. गॅसला जो उग्र वास येतो तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेला असतो. जळाल्यावर तो उरत नाही. म्हणजे नाकावर भरवसा ठेवून चालत नाही.

नाशिकच्या थंडीत हेच फसतं. निफाडचा पारा एकेरी आकड्यावर आला की आम्ही इंदिरानगरवालेही ड्राय बाल्कनीच्या काचा सरकवून घट्ट बंद करतो, आणि ओव्हन नेमका नाताळच्या सुमारास तासन्‌तास चालू असतो. तेव्हा बंद करता न येणाऱ्या दोन जाळ्या भिंतीत बसवून घ्या, एक जमिनीलगत आणि एक छताजवळ, दोन्ही बाहेर उघडणाऱ्या. एक्झॉस्ट फॅन हवाच, पण तो हवा बाहेर फेकतो तेवढी आत यायला वाट लागते. गॅस जोडण्याआधीच अगरबत्तीने तपासा: पंखा चालू करून धूर कुठे जातो ते बघा. जागच्या जागी घुटमळला तर हवेला वाट नाही. बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर जास्तच जपा. दारं-खिडक्या बंद असताना जोरदार एक्झॉस्ट त्याचा धूर उलटा घरात ओढू शकतो. आणि कोळशाच्या फिल्टरची, बाहेर पाइप नसलेली चिमणी या कामी धरू नका. ती तेलकट वास खाते, कार्बन मोनॉक्साइड नाही.

आता जोडणी. ओव्हन घेताना दुकानदाराला पहिला प्रश्न: हा एलपीजीचा की पाइपच्या गॅसचा? आपल्याकडे आता पुष्कळ सोसायट्यांत पाइपलाइन आली आहे, आणि दोन्हींचा दाब आणि नोझल, म्हणजे गॅस सोडणारी बारीक तोटी, वेगळं असतं. एलपीजीच्या नोझलचं भोक बारीक असतं. पाइपच्या गॅसवर तेच ठेवलं तर ज्योत मिणमिणते, केक मध्ये कच्चा राहतो, आणि मग कोणीतरी हुशार ड्रिल घेऊन भोक मोठं करतं. हे कधी करू देऊ नका. कंपनीचं नोझलच बदलून घ्या. माझ्याकडे उलटं झालं होतं. मिस्त्रीने पाइपच्या गॅसचं नोझल तसंच ठेवून सिलिंडर जोडून दिला, आणि पहिल्याच दिवशी टिनचा बूड काजळीने काळा. मी बिचारी बेकिंग पावडरला दोष देत बसले.

ज्योत गेली की गॅस आपोआप बंद करणारा सुरक्षा झडप असलेला ओव्हनच घ्या. शेगडीची ज्योत विझली तर दिसते, ओव्हनची पत्र्याखाली लपलेली असते. रबरी नळी तार गुंफलेली, नारिंगी सुरक्षा नळी हवी, दीड मीटरपेक्षा लांब नको, ओव्हनच्या गरम पाठीमागून नेलेली नको, आणि पाच वर्षांत बदलायची. शेगडी आणि ओव्हन एकाच नळीला टी (दोन फाटे फोडणारा जोड) लावून जोडण्याची पद्धत मला अजिबात पटत नाही. पक्का धातूचा पाइप घालून दोघांना वेगवेगळा कॉक द्या. सिलिंडर उभाच ठेवायचा, आणि ट्रॉलीत असेल तर ट्रॉलीला तळाशी भोकं हवीत, कारण एलपीजी हवेपेक्षा जड, जमिनीवर साचतो. गळतीची सूचना देणारं यंत्र एलपीजीसाठी जमिनीजवळ लावतात, पाइपच्या गॅससाठी छताजवळ. कार्बन मोनॉक्साइडचं वेगळं असतं, तेही घ्या. केक विकायचे असतील तर घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर चालत नाही, व्यावसायिक जोडणी लागते.

जागा म्हणजे मागे-बाजूला कंपनीने सांगितलेलं अंतर, पडदा आणि लाकडी फळी लांब, ओव्हन सपाट. धूर निघायच्या फटीवर किंवा तळाच्या भोकांवर फॉइल पसरायचं नाही, कितीही चिकट झालं तरी.

पहिल्या दिवशी केक करू नका. सगळ्या सांध्यांना साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का बघा. काडी पेटवून कधीही नाही. दार उघडं ठेवूनच पेटवा. न पेटल्यास नॉब बंद करून एक-दोन मिनिटं थांबा. मग रिकामा ओव्हन अर्धा तास चालवा, आत लावलेल्या तेलाचा वास जाऊ द्या. ज्योत निळी हवी. नॉब एकदम मोठ्यावरून बारीक करा, दार झटक्यात लावा. दोन्हींत ज्योत टिकली पाहिजे. खोली उबदार करायला ओव्हनचं दार उघडून ठेवायचा मोह थंडीत होतोच, तो आवरा.

घरात एकाच वेळी दोघा-तिघांचं डोकं दुखायला लागलं, मळमळलं, आणि बाहेर गेल्यावर बरं वाटलं, तर ॲसिडिटी म्हणून सोडू नका: गॅस बंद, खिडक्या उघड्या, सगळे बाहेर, आणि १०८. गॅसचा वास आला तर पंख्याच्या बटणालाही हात लावू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं उघडा आणि बाहेर पडा. एलपीजी गळतीसाठी १९०६ आहे. हे नंबर ओट्यावरच्या फळीवर चिकटवू नका, जिन्यातल्या मीटरच्या पेटीजवळ चिकटवा, कारण फोन तिथूनच करायचा आहे.