ॲपचं मराठी सोपं करायला एआय कसं वापरायचं (एडीएचडी, ऑटिझम, डिस्लेक्सियावाल्यांसाठी)

मी बाणेरला एका छोट्या टीममध्ये दवाखान्यांच्या अपॉइंटमेंट ॲपचं मराठी लिहितो. माझा मावसभाऊ ऑटिस्टिक आहे, त्याने एकदा आमच्याच ॲपवरून अपॉइंटमेंट मागितली आणि स्क्रीनवर आलं, 'आम्ही लवकरच आपणाशी संपर्क साधू'. पठ्ठ्या सकाळी ११ पासून फोन हातात धरून बसला, जेवायलाही उठेना, शेवटी संध्याकाळी मावशीचा मला फोन, अरे लवकरच म्हणजे किती वाजता ते तरी सांग याला. ती ओळ एआयने लिहिलेली आणि मी न वाचता चिकटवलेली. आता तिथे असतं, 'उद्या सकाळी ११ पर्यंत फोन येईल. नाही आला तर इथे मेसेज करा.'

तर पहिलं म्हणजे एआयला 'हे सोपं करून दे' असं सांगू नका. सोपं म्हटलं की ते एकतर गोडगोड बोलायला लागतं ('काळजी नको, आम्ही आहोत ना!') नाहीतर बालवाडीच्या बाई होतं. 'तू एडीएचडी असलेला माणूस आहेस असं समज' (एडीएचडी म्हणजे लक्ष एका जागी टिकवायला कठीण जातं ते) हेपण नको, ते नुसती सोंगं करतं. (मी एकदा 'पुणेरी पाटीसारखं स्पष्ट लिही' म्हणून बघितलं, तर स्पष्टपणा राहिला बाजूला आणि टोमणे तेवढे आले.) त्यापेक्षा प्रसंग द्या. मी साधारण असं टाकतो:

'माणूस ही स्क्रीन वाचत होता, तिसऱ्या ओळीवर दाराची बेल वाजली, १० मिनिटांनी परत आला. आता काय करायचं राहिलंय हे त्याला बघताक्षणी कळेल का? कुठल्या शब्दाचे दोन अर्थ निघतात? कुठे वेळ, पैसे किंवा पुढे काय होणार हे सांगायचं राहिलंय? नवीन काही लिहू नकोस, फक्त अडणाऱ्या जागा दाखव.'

शेवटचं वाक्य विसरू नका, नाहीतर ते लगेच लिहीत सुटतं आणि मग आपण त्याचं वाचून खूश होतो आणि मूळ घोळ तसाच राहतो.

आमचंच एक उदाहरण. स्क्रीनवर होतं, 'आपले सत्र कालबाह्य झाले आहे. कृपया पुनश्च प्रयत्न करा.' एआयने 'सत्र'वर बोट ठेवलं, बरोबरच आहे, आपल्याकडे सत्र एकतर कॉलेजचं असतं नाहीतर न्यायालय. मग म्हटलं बरं आता लिही, तर आलं, 'बराच वेळ काही टाइप झालं नाही म्हणून हे पान बंद झालं. तुम्ही भरलेली माहिती सुरक्षित आहे.' वाचायला एकदम मस्त. पण डेव्हलपरला विचारलं तर फॉर्म अख्खा रिकामा होत होता! एआयला ते कळणार कुठून, पण त्याने न विचारता ठोकून दिलं. तेव्हापासून धीर देणारं प्रत्येक वाक्य मी आधी डेव्हलपरकडे नेतो, हे खरंच होतं का म्हणून. इथे शब्द बदलून भागणार नव्हतं, फॉर्मच सेव्ह करायला लावला. डब्ल्यूसीएजीमध्येही, म्हणजे ॲक्सेसिबिलिटीचं जे जागतिक स्टँडर्ड आहे त्यात, एक मार्ग दिलाय की वेळ संपायच्या आधी सांगा आणि एका साध्या टॅपने वाढवायला किमान २० सेकंद द्या. आणि ऑक्टोबर २०२३ च्या २.२ आवृत्तीत, काही अपवाद सोडून, एकाच कामात एकदा भरलेलं परत भरायला लावू नका असं आहे.

आता मराठीचं दुखणं. एआयला वाटतं इंग्रजी शब्द म्हणजे अवघड, म्हणून ते ओटीपीचं 'एकवेळ संकेतशब्द' करतं आणि 'ओटीपी चुकला'च्या जागी 'प्रमाणीकरण अयशस्वी'. डिस्लेक्सिया असलेल्याला, म्हणजे ज्याला वाचायला-लिहायला जड जातं त्याला, असले लांबलचक शब्द म्हणजे घाटच चढायचा, आणि खरं तर तो कुणालाच नको असतो. शिवाय शाळेत निबंधात तोच शब्द परत वापरू नको असं शिकवतात ना, तसं एआय एका ठिकाणी 'रद्द', दुसऱ्या ठिकाणी 'कॅन्सल', तिसरीकडे 'काढून टाका' लिहितं, मग वाचणाऱ्याला वाटतं ही तीन वेगवेगळी कामं आहेत. म्हणून एक शब्दांची यादी करा, एका कामाला एकच शब्द, ओटीपी, रिफंड, लॉगिन तसेच ठेवायचे, आणि 'तुम्ही' की 'आपण' तेही एकदाच ठरवा. ती यादी दर वेळी प्रॉम्प्टच्या, म्हणजे एआयला देतो त्या सूचनेच्या, वर चिकटवा. मुद्दाम तोच तोच शब्द वापर, असं स्पष्ट सांगावं लागतं.

युजरच्या तक्रारी एआयला द्यायच्या असतील तर नाव, नंबर, आजार आधी काढा, हे सांगायला लागू नये पण लागतं.

आणि हे सगळं सेटिंगमधल्या कुठल्या 'विशेष मोड'मध्ये दडवू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमता आहेत, एडीएचडी वेगळं दिलेलं नाही, आणि अनेकांना तर आपल्याला असं काही आहे हे माहीतही नसतं, ते कशाला मोड शोधत बसतील. सगळ्यांनाच सोपं द्या.

सगळ्यात शेवटी खऱ्या माणसाला दाखवा, त्याच्या वेळेचे पैसे देऊन. 'समजलं का' विचारू नका, सगळे हो म्हणतात. 'आता काय दाबशील?' असं विचारा. मी भावाला चहा पिता पिता कॅन्सलची स्क्रीन दाखवली. आधी तिथे 'ओके' आणि 'कॅन्सल' अशी बटणं होती, कॅन्सल करताना कॅन्सल, आनंदच. एआयच्या मदतीने केलं होतं 'अपॉइंटमेंट रद्द करा' आणि 'राहू दे'. एआय खूश, मी खूश, टेस्टिंगवाले पण खूश. भाऊ बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, "दादा, काय राहू दे? अपॉइंटमेंट राहू दे का रद्द करायचं राहू दे?"

आता तिथे 'अपॉइंटमेंट ठेवा' आहे.