कॅमेरा कुठं ठेवायचा? तर्री-पोह्याच्या ठेल्यावरचा एक सराव

एक साधा प्रसंग घ्या. नागपुरातली सकाळ, तर्री-पोह्याचा ठेला. एक पोरगा प्लेट हातात धरून उभा आहे. पोहे गार होताहेत, लक्ष सगळं मोबाइलवर, कारण नोकरीचा फोन यायचा आहे. संवाद एकही नाही. हाच प्रसंग आपल्या फोनवर चार-पाच वेळा शूट करा. पोराला वेगळा अभिनय करायला सांगू नका, फक्त कॅमेऱ्याची जागा बदला.

त्याआधी एक ठरवा: आपण कोणाच्या बाजूनं बघतोय? पोराच्या की ठेलेवाल्याच्या? हे न ठरवता अँगल शोधत बसलात तर नुसत्या उठाबशा होतात.

सुरुवात लाँग शॉटनं करा. रस्त्याच्या पलीकडे उभे राहा. पोरगा फ्रेममध्ये बोटभर दिसू द्या, मधून ऑटो, स्कूटी जाऊ द्या. त्याच्या फोनचं कोणाला काही पडलेलं नाही, हे न सांगता कळतं. सात-आठ सेकंद तरी कापू नका.

मग मिड शॉट. कमरेपासून वर, कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर. प्लेट, चेहरा, मोबाइल तिन्ही दिसले की पुढं चला.

आता लो अँगल. खालून घेतलं की माणूस मोठा दिसतो, वरून घेतलं की बापुडा, असं सगळेच सांगतात. ते अर्धंच खरं आहे. कॅमेरा कढईच्या खाली नेऊन वर वळवा: पुढं वाफ, मागं झारा घेतलेला ठेलेवाला. पोराची उधारी असेल तर हा माणूस त्याला असाच दिसणार. पण १९४१च्या ‘सिटिझन केन’ या सिनेमात दिग्दर्शक ऑर्सन वेल्सनं निवडणूक हरलेला नायक केन खालून दाखवला, त्यासाठी सेटची जमीन फोडून कॅमेरा खाली उतरवला. माणूस अवाढव्य दिसतो, तरी हरलेलाच वाटतो. अँगलचा अर्थ प्रसंगातून येतो.

एक इथली अडचण. मे महिन्यात नऊ-दहा वाजताच आभाळ पांढरंफटक होतं आणि खालून घेतलेला चेहरा काळा पडतो. स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट दाबून धरा, एक्स्पोजर, म्हणजे फोन किती उजेड घेतो ते, लॉक होईल. नाहीतर सरळ निंबाच्या झाडाखाली जा.

क्लोज-अपमध्ये मी एकदा चांगलाच तोंडावर पडलो. आत्येभावाला रडवेल्या सीनमध्ये उभं केलं आणि वाइड लेन्स लावून फोन पार त्याच्या नाकापाशी नेला. नाक वांग्याएवढं आलं. घरी दाखवलं तर सगळे खो-खो हसले, आत्यासुद्धा. तेव्हा चार पावलं मागं सरका आणि फोनमध्ये टू-एक्स लेन्स असेल तर ती वापरा. आणि क्लोज-अप चेहऱ्याचाच हवा असं कोण म्हणतं? तर्रीच्या तेलानं माखलेला अंगठा तो पँटला पुसतो, मग स्क्रीनला हात लावतो. तेवढं जवळून घ्या. धडधड त्या अंगठ्यात दिसते.

कॅमेरा तिरपा धरायचा डच अँगल मात्र चटणीसारखा वापरा. मला तो बहुतेक ठिकाणी खटकतोच.

जोडताना दोन गोष्टी पाहा. पोरगा आणि ठेलेवाला यांच्यामध्ये एक रेघ समजा आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवा, नाहीतर दोघं एकमेकांकडे न बघता एकाच दिशेला बघताहेत असं वाटतं. दुसरं, सगळे शॉट नजरेच्या उंचीवर असतील तरच मधला एखादा वरून घेतलेला शॉट टोचतो. प्रत्येक शॉट वाकडा असला तर काहीच जाणवत नाही.

शेवटी फोन वाजतो. इथं कॅमेरा कुठं? मी तो पोराच्या पाठीमागं ठेवीन, चेहरा दाखवणारच नाही. बोलणं संपल्यावर त्यानं प्लेट तशीच खाली ठेवली, की उरलेले गार पोहे खायला घेतले, तेवढं दिसलं की बस.