तीस मिनिटांचा रन साडेतीन मिनिटांत आणताना

बोईसरच्या एमआयडीसीत क्यूसीत, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या लॅबमध्ये, माझी चौदा वर्षं गेली. नवीन लागलेली पोरं विचारतात, "मॅडम, एचपीएलसीची जुनी मेथड यूपीएलसीवर कशी न्यायची?" एचपीएलसी म्हणजे नमुना द्रवासोबत बारीक कणांनी भरलेल्या नळीतून, म्हणजे कॉलममधून, दाबाने ढकलून त्यातले घटक वेगळे करणारं मशीन; यूपीएलसी हे त्याचंच जास्त दाबाचं, झटपट रूप. मी आधी पोरांना कॅल्क्युलेटर काढायला लावते. सॉफ्टवेअर आकडे देतंच, पण एकदा हाताने केलं की पुढे काही बिघडलं तर कुठे बघायचं ते कळतं.

समजा जुना सी१८ कॉलम १५० मिमी लांब, ४.६ मिमी व्यासाचा, ५ मायक्रॉनच्या कणांचा आहे. फ्लो मिनिटाला १ मिली, इंजेक्शन (आत सोडायचा नमुना) २० मायक्रोलिटर, ग्रेडियंट (द्रवातलं सॉल्व्हंटचं प्रमाण हळूहळू बदलत नेणं) ३० मिनिटं. नवा कॉलम ५० मिमी, २.१ मिमी, १.७ मायक्रॉन. पहिल्यांदा लांबीला कणाच्या आकाराने भागा. जुन्याचे ३०,००० येतात, नव्याचे साधारण २९,४००. जवळजवळ सारखे, म्हणजे पीक (आलेखावरचे घटकांचे उंचवटे) सुटे करायची ताकद तेवढीच राहते. यूएसपी या अमेरिकन औषध-मानकांच्या ग्रंथातल्या ६२१ प्रकरणात हा भागाकार २५ टक्के खाली आणि ५० टक्के वर इतका हलवायला मुभा आहे.

आता फ्लो. व्यासांच्या वर्गांचं गुणोत्तर ०.२०८, त्याला ५ भागिले १.७ ने गुणलं की ०.६१ मिली. इंजेक्शन १.४ मायक्रोलिटर. ग्रेडियंट ३.४ मिनिटं, आणि मधले होल्डही (प्रमाण स्थिर ठेवायचे टप्पे) त्याच प्रमाणात कमी करायचे, ते बरेचजण विसरतात. प्रेशर साडेआठ पटींच्या आसपास चढतं. जुन्यावर ७० बार असेल तर इथे ६०० धरा, म्हणून ४०० बारच्या जुन्या पंपावर हा कॉलम लावायचा हट्ट करू नका.

एका रनला ३० मिलीऐवजी २ मिली मोबाइल फेज, म्हणजे कॉलममधून वाहणारा द्रव, लागतो. २००८-०९ मध्ये त्यात लागणाऱ्या सॉल्व्हंटची, अ‍ॅसिटोनायट्राइलची टंचाई झाली होती, तेव्हा या छोट्या कॉलमचं महत्त्व सगळ्यांना पटलं. ते अ‍ॅक्रिलोनायट्राइल बनवताना निघणारं उपउत्पादन. मंदीत मूळ मालाचीच मागणी पडली, मग हे तरी कुठून येणार?

आकडे बरोबर असूनही मेथड फसते, ती बहुतेक वेळा कॉलमच्या बाहेर. आधीच्या एका कंपनीत माझ्या दोन इम्प्युरिटीज (अशुद्धी) एकत्र येऊन एकच दातेरी त्रिकोण दिसायला लागला. दोन दिवस कॉलमला शिव्या घातल्या, नवा कोरा कॉलमही उघडला. कारण काय निघालं? डिटेक्टरची सेटिंग जुन्या मेथडमधून जशीच्या तशी उचलली होती: सेकंदाला एक पॉइंट. पीक तीन सेकंदांचा, म्हणजे त्यावर पॉइंट तीनच! एका पीकवर निदान वीस तरी हवेत. सेकंदाला २० पॉइंट केले आणि दोन्ही पीक सुटे उभे राहिले.

दुसरी जागा ड्वेल व्हॉल्यूम, म्हणजे सॉल्व्हंट मिसळतात तिथपासून कॉलमच्या तोंडापर्यंतची जागा. ते स्वतः मोजा. कॉलम काढून युनियन (नळ्या जोडणारा तुकडा) लावा. पंपाच्या ए लाइनमध्ये पाणी, बी मध्ये ०.१ टक्के अ‍ॅसिटोन घातलेलं पाणी, डिटेक्टर २६५ नॅनोमीटरवर. दहा मिनिटांत ० ते १०० टक्के ग्रेडियंट चालवा. रेघ निम्म्यावर येते त्या वेळेतून पाच मिनिटं वजा करा, उरलेल्याला फ्लोने गुणा. जुन्या आणि नव्या मशीनमध्ये प्रमाणाबाहेर फरक आला तर सुरुवातीचा होल्ड कमी-जास्त करा.

गाळण ०.४५ ची नको, ०.२ मायक्रॉनचीच. बफर (फॉस्फेटसारखे क्षार घातलेलं पाणी) रोजचा रोज बनवा. शुक्रवारची बाटली सोमवारी लावलीत तर इनलाइन फिल्टर जाम होईल आणि सगळे म्हणतील कॉलम गेला. रन संपल्यावर थेट अ‍ॅसिटोनायट्राइल सोडू नका, फॉस्फेट तिथल्या तिथे खडा धरतं. आधी १० टक्के अ‍ॅसिटोनायट्राइलच्या पाण्याने दहा-पंधरा मिनिटं धुवा, मगच त्याचं प्रमाण वाढवा.